गाणं जपलं कसं? एका रॉक बँडच्या कॅसेटींची गोष्ट



गेल्या महिन्यात आमच्या रेडिओ केंद्रावर एक पत्र्याची पेटी आली. गटातल्या एका ताईंच्या सासूबाई वारल्या, त्यांच्या घराच्या माळ्यावर ती सापडली होती. आत एकवीस कॅसेटी होत्या. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गावात हळदीला, डोहाळजेवणाला, मंगळागौरीच्या जागरणाला बायांनी म्हटलेली गाणी कोणीतरी टेप करून ठेवली होती. आम्ही हौसेने पहिली कॅसेट लावली. एक बाई गात होती, आवाज अगदी खणखणीत. पण ती कोण, हे कोणालाच सांगता येईना. कॅसेटवर नाव नव्हतं, गाव नव्हतं, तारीख नव्हती. दुसरी कॅसेट लावली, तर आतली पट्टी चिकटलेली होती. टेपमध्ये गुंडाळली गेली आणि चुरगळली. तेवढं गाणं आमच्या डोळ्यांदेखत गेलं.

तेव्हाच आम्ही ठरवलं, की गाण्याच्या टेपा लोक कशा जपतात हे नीट समजून घ्यायचं आणि तुम्हालाही सांगायचं. शोधताना एक उदाहरण मिळालं ते पार अमेरिकेतलं. तिथल्या एका रॉक बँडच्या चाहत्यांनी त्याच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग इतकी निगुतीने जमवली, की आज तीस वर्षांतले बहुतेक कार्यक्रम ऐकायला मिळतात. त्या बँडचं नाव ग्रेटफुल डेड.

रॉक म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमवर वाजणारं संगीत. हा बँड १९६५ साली कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सुरू झाला. त्याचे प्रमुख गिटारवादक जेरी गार्सिया ऑगस्ट १९९५ मध्ये वारले आणि बँड थांबला. मधल्या तीस वर्षांत त्यांनी सुमारे २३०० कार्यक्रम केले. हा बँड आपल्याला अगदीच परका आहे असंही नाही. त्यातले ड्रमवादक मिकी हार्ट यांनी मुंबईत जन्मलेल्या उस्ताद झाकीर हुसेन यांच्याबरोबर अनेक वर्षं वाजवलं. दोघांच्या 'प्लॅनेट ड्रम' या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला.

आता कोणी विचारेल, एकाच बँडचे इतके कार्यक्रम कशाला जमवायचे? गाणी तर तीच असणार! आपल्याकडचं भजनी मंडळ आठवा. अभंग तोच, मंडळी तीच. पण एखाद्या एकादशीला पखवाजवाला रंगात येतो, बुवा आलाप लांबवतात, आणि त्या रात्रीचं भजन लोक वर्षभर आठवतात. या बँडचंही तसंच होतं. ते दर रात्री गाण्यांचा क्रम बदलत. ठरलेली चाल सोडून मधेच भलतीकडे जात. जे गाणं एका रात्री सात मिनिटांत संपे, ते दुसऱ्या रात्री वीस मिनिटं चाले. त्यामुळे प्रत्येक कार्यक्रम एकदाच होणारा. टेप केला तरच तो उरणार.

म्हणून सुरुवातीला चाहते पिशवीत, कोटाखाली रेकॉर्डर लपवून नेत. बहुतेक बँड अशांना पकडून बाहेर काढत. या बँडने मात्र हळूहळू डोळेझाक केली. १९७४ साली टेपांची देवाणघेवाण करणाऱ्यांसाठी 'डेड रेलिक्स' नावाचं एक नियतकालिकच निघालं. पुढे माइकच्या उंच दांड्यांची इतकी गर्दी होऊ लागली, की मागच्या प्रेक्षकांना काही दिसेना. तेव्हा ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कली इथल्या कार्यक्रमापासून बँडने रेकॉर्डिंग करणाऱ्यांना वेगळी जागा दिली. साउंडवाला जिथे मिक्सर घेऊन बसतो त्याच्या मागची ती जागा, आणि तिथली तिकिटंही वेगळी.

अट एकच होती. टेप विकायची नाही. वाटा, बदला, मित्राला द्या, पण तिच्यावर पैसा कमवू नका. चाहत्यांनी ही अट स्वतःच कडकपणे पाळली. ज्याच्याकडे बदल्यात द्यायला टेप नसे तो नवखा माणूस कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपाल तिकीट पाठवी. समोरचा त्या भरून परत पाठवी. कधी एक जण पाच जणांना नक्कल करून देई, ते पाच जण पुढे प्रत्येकी पाच जणांना. असं करत एका रात्रीचं गाणं शेकडो घरांत पोचे. आपल्याकडे बियाणं जपणाऱ्या बाया हेच करतात. एकीच्या घरातलं बी किडलं, तर दुसरीच्या कणगीत ते असतंच.

पण नक्कल करण्यात एक अडचण होती. रेशनकार्डाची झेरॉक्स काढली, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढली, तर चौथ्या-पाचव्या वेळी अक्षरं पुसट होतात. कॅसेटचं तसंच. प्रत्येक नकलेला थोडी सूं-सूं वाढते आणि आवाज दबतो. म्हणून चाहते कॅसेटवर लिहून ठेवत, की ही मूळ टेप आहे, ही पहिली नक्कल, ही तिसरी. शिवाय आवाज कुठून घेतला तेही लिहीत. प्रेक्षकांत माइक उभा करून घेतलेल्या टेपमध्ये टाळ्या, आरोळ्या, सभागृहाचा घुमारा येतो. मिक्सरमधून थेट वायर लावून घेतलेल्या टेपमध्ये गाणं स्वच्छ येतं, पण सभेची ऊब कमी लागते. दोन्ही जमवायची, असा बऱ्याच जणांचा रिवाज होता. पुढे काहींनी दोन्ही एकत्र मिसळूनही पाहिली.

आता या गोष्टीतल्या बाईंविषयी सांगतो.

बेटी कँटर-जॅक्सन असं त्यांचं नाव. साठीच्या दशकाच्या अखेरीस, वयाच्या विशीत, त्या साउंडच्या कामात शिरल्या. जड यंत्रं उचलायची, वायरी जोडायच्या, मिक्सरवर बसायचं, हे काम तेव्हा पुरुषांचंच समजलं जाई. १९६९ साली निघालेल्या 'लाइव्ह/डेड' या ध्वनिमुद्रिकेच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या होत्या. १९७७-७८ या वर्षांत त्यांनी बँडच्या कार्यक्रमांची जी रिळं भरली, त्यांचा आवाज आजही चाहते वाखाणतात. प्रत्येक वाद्य आपापल्या जागी ऐकू येतं.

पण पुढे बँडमधलं त्यांचं काम सुटलं. पैशाची ओढाताण सुरू झाली. सामान एका भाड्याच्या गोदामात ठेवलेलं, त्याचं भाडं थकलं. १९८६ साली त्या सामानाचा लिलाव झाला. त्यात शेकडो रिळं होती. एका बाईची वर्षानुवर्षांची मेहनत भंगाराच्या मोलाने निरनिराळ्या लोकांच्या हाती गेली. काही रिळं नीट राहिली. काहींना ओल लागून बुरशी आली. काही चाहत्यांनी धडपड करून यातल्या पुष्कळ रिळांच्या नकला केल्या आणि त्या देवाणघेवाणीच्या साखळीत सोडल्या. लोक या टेपांना 'बेटी बोर्ड्स' म्हणू लागले. बोर्ड म्हणजे मिक्सर. टेपेला गाणाऱ्याचं नाही, टेप करणाऱ्या बाईचं नाव लागलं!

त्यातली सर्वांत गाजलेली टेप ८ मे १९७७ ची. न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचं गाव आहे, तिथल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये तो कार्यक्रम झाला. मे महिना असूनही बाहेर बर्फ पडत होता. अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय दरवर्षी देशासाठी जपून ठेवण्याजोग्या पंचवीस ध्वनिमुद्रणांची यादी करतं. २०११ च्या यादीत ही टेप आली. मूळ रिळं बँडकडे परत आल्यावर २०१७ च्या मे महिन्यात, बरोबर चाळीस वर्षांनी, ती अधिकृतपणे बाजारात आली. तोवर ती जिवंत ठेवली होती ती नकला करणाऱ्या हजारो हातांनी.

टेप जपणं म्हणजे नुसती कपाटात ठेवणं नाही, हे आम्हाला यातून कळलं. तिच्याविषयी लिहून ठेवणंही तितकंच महत्त्वाचं. डिक लाटव्हाला नावाचे एक चाहते वह्याच्या वह्या भरून प्रत्येक टेपेची टिपणं ठेवत. कुठलं गाणं रंगलं, कुठे आवाज बिघडला, सगळं. पुढे बँडने त्यांनाच आपल्या टेपांच्या कोठाराचं काम दिलं. १९९३ पासून त्यांनी निवडलेले जुने कार्यक्रम 'डिक्स पिक्स' या नावाने निघू लागले. त्या मालेचे ३६ भाग झाले. चाहत्यांनी १९८७ साली 'डेडबेस' नावाचं पुस्तकही काढलं. कुठल्या तारखेला, कुठल्या गावी, कुठली गाणी कुठल्या क्रमाने झाली, याची त्यात नोंद आहे. कॅसेटवर तारीख चुकली असेल, तर या पुस्तकाशी ताडून ती दुरुस्त करता येई.

परवानगीचा प्रश्न त्यांनाही सुटला नाही. संगणकाचा काळ आला तशा या टेपा 'इंटरनेट अर्काइव्ह' या सार्वजनिक डिजिटल ग्रंथालयात ठेवल्या गेल्या. २००५ साली बँडच्या मंडळींनी त्या उतरवून घेण्यावर बंदी घातली. चाहते रागावले, आपसांत वाद झाले. शेवटी तोडगा निघाला, की प्रेक्षकांनी केलेली रेकॉर्डिंग कोणीही उतरवून घ्यावी, मिक्सरवरची मात्र तिथेच ऐकावी. गाणं ज्याचं आहे त्याचा शब्द घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे आमच्याही लक्षात आलं. आपल्या घरगुती गाण्यात तर एखादी बाई सासरचं दुःख मोकळं करते. ते चार जणींसमोर म्हटलेलं असतं, गावासमोर नाही. म्हणून ती बाई किंवा तिच्या घरचे हो म्हणाल्याशिवाय आम्ही ते रेडिओवर लावणार नाही.

आता आपल्या कामाचं. कॅसेटमधली पट्टी म्हणजे प्लॅस्टिकच्या फितीवर डिंकासारख्या लेपाने बसवलेली लोखंडाच्या गंजाची बारीक पूड. दमट हवेत तो लेप चिकट होतो, बुरशी धरतो. आम्ही केलेली चूक तुम्ही करू नका. जुनी कॅसेट सापडली तर लगेच लावू नका. आधी उजेडात पट्टी बघा. पांढरी बुरशी किंवा चिकटपणा दिसला तर जाणकाराकडे द्या. चांगली असेल तर तिच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही टेप होणार नाही. कॅसेट चुलीजवळ, ओल्या भिंतीला लागून किंवा स्पीकरवर ठेवू नका. स्पीकरमधल्या लोहचुंबकाने आवाज पुसला जातो.

नक्कल करताना टेपसमोर मोबाइल धरू नका. पंखा, कोंबडा, पोरांचा गलका, सगळं त्यात येतं. टेपला वायर जोडून थेट संगणकात घ्या आणि आवाज न दाबता, 'वेव्ह' प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा. एमपीथ्री फाइल लहान होते, पण त्यासाठी आवाजातला काही भाग काढून टाकलेला असतो, तो परत येत नाही. मोबाइलवर पाठवायला ती चालेल, साठवायला नको. आणि नक्कल एकाच ठिकाणी ठेवू नका. एक केंद्रात, एक गटाच्या अध्यक्षांकडे, एक दुसऱ्या गावातल्या गटाकडे ठेवा.

आपल्या महाराष्ट्रातही असं मोठं काम झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या, आणि ओवी कोणी गायली, कुठल्या गावची, हेही लिहून ठेवलं. म्हणून त्या बाया आज नावानिशी ओळखल्या जातात.

आमच्या पेटीतल्या उरलेल्या कॅसेटी आम्ही आता जाणकाराला दाखवून एकेक उतरवून घेतो आहोत. पहिल्या कॅसेटमधल्या त्या खणखणीत आवाजाच्या बाईचं नाव अजून लागलेलं नाही. येत्या शुक्रवारी दुपारी गटाच्या बैठकीत तिच्या घरच्यांना चालेल की नाही ते विचारायचं म्हटलं, तर आधी तिचं नाव तरी कळायला हवं. म्हणून ती कॅसेट आम्ही रेडिओवर न लावता बैठकीतच, फक्त जुन्या जाणत्या बायांना ऐकवणार आहोत. तुमच्या घरी सत्तरी ओलांडलेल्या आजी असतील तर त्यांना जरूर घेऊन या. आवाज ओळखू आला, तर नाव तिथल्या तिथे कॅसेटवर लिहू.