दिसतं एक, साठवलं जातं दुसरंच!

'बोऱ्हाडे' आणि 'बोर्‍हाडे' हे दोन शब्द नीट बघा. काही फरक दिसतोय? बहुतेक नाहीच दिसणार. पण कॉम्प्युटरच्या लेखी ही दोन वेगळी आडनावं आहेत. पहिल्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे. दुसऱ्यात साधा 'र', त्याचा पाय मोडणारं हलन्ताचं चिन्ह आणि त्यामागे डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह आहे. युनिकोडच्या हिशेबात पहिला शब्द ८ चिन्हांचा भरतो, दुसरा ९ चिन्हांचा. यूटीएफ-८ मध्ये साठवला की पहिला २४ बाइट्स खातो, दुसरा २७. यातलं कुठलं रूप उमटणार, हे तुम्ही कोणत्या कीबोर्डवर टाइप करता त्यावर ठरतं.

आता समजा, एखाद्या शेतकऱ्याची नोंदणी एका सेंटरवर झाली आणि त्याचं नाव शोधणारा माणूस दुसऱ्याच कीबोर्डवर बसलाय. पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइटसारखे डेटाबेस नेहमीच्या सेटिंगमध्ये चिन्हं जशीच्या तशी ताडून बघतात. म्हणजे नाव यादीत आहे, शेतकरी समोर उभा आहे आणि स्क्रीन म्हणते, 'रेकॉर्ड नॉट फाउंड'. जालन्यापासून अंबडपर्यंत आणि भोकरदनपासून परतूरपर्यंत, 'यादीत नाव नाही तुमचं' हे वाक्य ऐकून रिकाम्या हाताने परतणं म्हणजे काय असतं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. एक रोजगार बुडतो, एसटीचं भाडं जातं आणि काम पुढच्या आठवड्यावर.

असे घोळ निस्तरणं हे सॉफ्टवेअरमधलं एक न दिसणारं काम आहे. त्याला ग्लॅमर नाही, पण त्यावाचून कुणाचंच अडल्याशिवाय राहत नाही. आज त्याच कामाबद्दल.

मधला दुभाषी

आपण कॉलेजात जावा किंवा पायथॉन शिकतो, तेव्हा 'ऑब्जेक्ट'मध्ये विचार करतो. शेतकरी हा एक ऑब्जेक्ट, त्याच्या पावत्या त्यालाच जोडलेल्या. डेटाबेस मात्र तक्त्यांत विचार करतो. शेतकऱ्यांचा तक्ता वेगळा, पावत्यांचा वेगळा आणि दोघांना जोडणारा एक नंबर. माहिती अशी तक्त्यांत मांडायची कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली एका शोधनिबंधात मांडली. त्यासाठी त्यांना १९८१चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळं आजही त्याच पायावर उभं आहे.

या दोन जगांच्या मध्ये एक दुभाषी लागतो. त्याचं नाव ऑब्जेक्ट रिलेशनल मॅपर, थोडक्यात ओआरएम. तुम्ही पायथॉनमध्ये 'या शेतकऱ्याच्या पावत्या दे' म्हणता, ओआरएम त्याचं एसक्यूएलमध्ये भाषांतर करतो आणि आलेल्या ओळी परत ऑब्जेक्ट करून तुमच्या हातात ठेवतो. जावातलं हायबरनेट २००१ मध्ये आलं, पायथॉनमधलं जँगो २००५ मध्ये, एसक्यूएलअल्केमी २००६ मध्ये. जगभरातल्या असंख्य वेबसाइट्स अशाच दुभाष्यांच्या भरवशावर चालतात.

आणि दुभाषी चुकला तर? तुमच्या ॲपमधला बग फक्त तुमच्या ॲपला छळतो. ओआरएममधला बग ती लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या घरात शिरतो. शिवाय तो आरडाओरडा करत नाही. प्रोग्राम सुरळीत चालतो, उत्तरही येतं. फक्त ते चुकीचं असतं.

१० शेतकरी गेले कुठे?

एक हिशेब करून बघू. समजा, यादीत १०० शेतकरी आहेत. ३० अंबड तालुक्याचे, ६० बाकीच्या तालुक्यांचे आणि १० जणांचा तालुका भरायचाच राहून गेला. डेटाबेसमध्ये त्या रिकाम्या जागी 'नल' असतं. आता साध्या एसक्यूएलमध्ये विचारा, 'तालुका अंबड आहे असे किती?' उत्तर ३०. मग विचारा, 'तालुका अंबड नाही असे किती?' तुम्ही म्हणाल ७०. डेटाबेस म्हणतो ६०!

कारण डेटाबेसच्या तर्कात 'हो' आणि 'नाही' यांच्या जोडीला तिसरं उत्तर असतं, 'माहीत नाही'. ज्याचा तालुकाच ठाऊक नाही, तो अंबडचा नाही असंही तो छातीठोकपणे सांगत नाही. तर्क बरोबर आहे, पण १० माणसं दोन्ही याद्यांमधून गळाली. जँगोच्या ओआरएमने इथे माणसाच्या अपेक्षेची बाजू घेतली आहे. 'अंबड वगळून बाकीचे दे' म्हटलं की तो मागच्या मागे नलचा विचार करून एसक्यूएल लिहितो आणि तुम्हाला ७० जण देतो.

तिढा एवढ्यावर संपत नाही. 'काहीच लिहिलेलं नाही' हे सांगायचे दोन मार्ग आहेत, एक नल आणि दुसरा रिकामा मजकूर. ओरॅकल डेटाबेस दोन्ही एकच समजतो, पोस्टग्रेस वेगळे समजतो. म्हणून जँगोचे कागदपत्र सांगतात की, मजकुराच्या रकान्यात शक्यतो नल ठेवूच नका. एका गोष्टीची दोन रूपं ठेवली की आज ना उद्या कुणीतरी एकच रूप तपासणार आणि दुसरं निसटणार. सुसंगती म्हणतात ती हीच. तोच प्रश्न कुठूनही विचारला तरी उत्तर तेच आलं पाहिजे.

३१ मार्च की १ एप्रिल?

जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यांत रात्रपाळी असते. समजा, १ एप्रिलच्या पहाटे २ वाजता सळईचा ट्रक काट्यावर चढला आणि पावती फाटली. आपली वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे. त्यामुळे यूटीसीमध्ये तेव्हा ३१ मार्चचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. प्रोग्रामने एका जागी भारतीय वेळ धरली आणि दुसऱ्या जागी यूटीसी, तर तोच ट्रक एका रिपोर्टमध्ये जुन्या आर्थिक वर्षात दिसेल, दुसऱ्यात नव्या. अकाउंटंटच्या डोक्याला ताप!

जँगोमध्ये टाइमझोनची नीट सोय २०१२ मध्ये आली. पण ती आपोआप चालू नसायची, प्रत्येकाने सेटिंगमध्ये चालू करायची. ती मूळ सेटिंगमध्येच चालू असावी, हा बदल ५.० आवृत्तीत झाला, डिसेंबर २०२३ मध्ये. एका 'बंद'चं 'चालू' करायला ११ वर्षं? हो. कारण तोवर असंख्य प्रोग्राम जुन्या सवयीवर विसंबून होते. रातोरात बदल केला असता तर त्यांच्या तारखा गुपचूप सरकल्या असत्या. म्हणून ४.० आवृत्तीपासून आधी इशारा दिला, लोकांना वेळ दिला आणि मग बदल केला. बग दुरुस्त करणं सोपं असतं. त्या बगची सवय झालेल्यांना न पाडता तो दुरुस्त करणं, ही खरी कसोटी.

मुंबईतलं उदाहरण

हे सगळं परदेशातच चालतं असं नाही. मुंबईतल्या फ्रॅपे या कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे खुलं सॉफ्टवेअर जगभरातले छोटे-मोठे उद्योग हिशेब, साठा, पगार यांसाठी वापरतात. रुषभ मेहता यांनी सुरू केलेल्या या कंपनीचं स्वतःचं फ्रेमवर्क आहे आणि त्यात स्वतःचा दुभाषीही. तिथे तुम्ही 'डॉकटाइप' बनवता आणि फ्रेमवर्क त्याचा तक्ता तयार करतं.

फ्रॅपेची जुनी जोडी मारियाडीबीशी. पुढे पोस्टग्रेसचीही सोय केली आणि दोन डेटाबेसचे स्वभाव आमनेसामने आले. मारियाडीबीत रकान्याचं नाव उलट्या अवतरणात लिहितात, पोस्टग्रेसमध्ये दुहेरी अवतरणात. ५ भागिले २ केलं तर मारियाडीबी अडीच देतो आणि पोस्टग्रेस पूर्णांकांच्या भागाकाराला थेट २. इंग्रजीत जाफराबाद कॅपिटलमध्ये लिहा किंवा स्मॉलमध्ये, मारियाडीबीला नेहमीच्या सेटिंगमध्ये ते एकच गाव वाटतं, पोस्टग्रेसला दोन. वापरणाऱ्याला यातलं काहीच कळू नये, ही दुभाष्याची जबाबदारी. त्यासाठी फ्रॅपेने हाताने लिहिलेल्या एसक्यूएलऐवजी क्वेरी बिल्डरचा आग्रह धरला. प्रश्न एकदाच मांडायचा, कोणत्या डेटाबेसला कोणत्या बोलीत विचारायचं ते लायब्ररी बघेल. हा सगळा कोड गिटहबवर उघडा आहे. कुठे काय चुकलं, कुणी शोधलं, कसं दुरुस्त झालं, हे तुम्ही घरबसल्या वाचू शकता.

दुरुस्ती नेमकी कुठे करायची?

आता आपल्या आडनावाकडे येऊ. हा बग ओआरएमचा का? मला वाटतं, नाही. डेटाबेसने दिलेलं जसंच्या तसं जपावं, हेच त्याचं काम. दुरुस्ती माहिती आत येते त्या दारातच व्हायला हवी. युनिकोडचं 'एनएफसी' नावाचं सर्वसाधारण रूपांतर इथे अर्धंच काम करतं. कुणी 'र'खाली नुक्ता देऊन अक्षर बनवलं असेल तर ते त्याचं 'ऱ' करतं, पण न दिसणाऱ्या जोडचिन्हाला हात लावत नाही. मग ते जोडचिन्ह सरसकट उडवून टाकलं तर? तर 'बोर्‍हाडे'चे रफार असलेले 'बोर्हाडे' होतील, म्हणजे आडनावच बदललं! बरोबर नियम असा, की 'र', हलन्त आणि जोडचिन्ह हे त्रिकूट दिसलं की त्या जागी 'ऱ' आणि हलन्त ठेवायचं. नोंद साठवताना हा नियम लावायचा आणि शोधतानाही लावायचा. जुन्या नोंदी एकदा त्याच चाळणीतून काढायच्या. चार ओळींचं काम आहे, पण ते सुचायला मराठी लिहिता-वाचता यावं लागतं.

वर्तमानपत्राच्या कचेरीतून

जँगो कुठे जन्मलं माहितीये? सिलिकॉन व्हॅलीत नाही. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या स्थानिक वर्तमानपत्राच्या वेब विभागात. ॲड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी २००३ मध्ये ते बातम्यांच्या वेबसाइटसाठी लिहायला घेतलं आणि २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. लॉरेन्सची लोकसंख्या आजही एक लाखाच्या आत आहे. जालना शहराची २०११ च्या जनगणनेतच २ लाख ८५ हजारांवर होती. तेव्हा 'आपलं गाव छोटं' ही सबब इथे चालायची नाही!

उलट छोट्या गावाची एक जमेची बाजू आहे. रेशीम कोषांच्या बाजारातली पावती कशी फाटते, मोसंबीच्या आडतीत हिशेब कसा लिहितात, सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांचा मेळ बसला नाही तर काय होतं, हे आपण रोज बघतो. कॅन्ससमध्ये बसलेल्या प्रोग्रामरला 'ऱ्ह'चा घोळ जन्मात दिसणार नाही. तुम्हाला तो पहिल्याच यादीत दिसेल.

सुरुवात कशी कराल?

जँगोच्या बग नोंदवहीत नवख्यांना झेपतील अशा तक्रारींवर 'ईझी पिकिंग्ज' अशी खूण केलेली असते. पहिलं योगदान कसं द्यायचं याचा धडा त्यांच्याच कागदपत्रांत आहे. त्याच्या चाचण्या एसक्यूलाइटवर चालतात, त्यामुळे वेगळा सर्व्हर लागत नाही, साधा लॅपटॉप पुरतो.

काम पायरी-पायरीने करा. तक्रार वाचली की आधी तोच बग आपल्या मशीनवर घडवून दाखवा. मग त्यातलं अनावश्यक सगळं काढत जा. ५०० ओळींच्या ॲपमधला बग १० ओळींत दाखवता आला, की निम्मी लढाई जिंकलात. त्यानंतर एक चाचणी लिहा, जी आज नापास होते. मग कोड बदला, म्हणजे ती पास होईल. बाकीच्या सगळ्या चाचण्या चालवा, कारण इकडचं शिवताना तिकडचं उसवणं हा या धंद्यातला जुना रोग आहे. शेवटी बदल पाठवा आणि थांबा. कुणीतरी तो तपासेल, प्रश्न विचारेल, कदाचित तीनदा परत पाठवेल. मनाला लावून घेऊ नका. तो तुमच्या कोडचा कान धरतोय, तुमचा नाही. आणि चॅटबॉटने लिहून दिलेला बदल न समजताच पुढे ढकलू नका. 'हे असं का केलंस?' या पहिल्याच प्रश्नाला उघडे पडाल.

कोड लिहायची हिंमत होत नसेल, तर नीट मांडलेली तक्रारही योगदानच असते. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कोणती आवृत्ती, कोणता डेटाबेस. एवढ्या ५ गोष्टी स्पष्ट लिहिल्यात तरी दुरुस्त करणाऱ्याचे तासन्‌तास वाचतात.

यंदा तुमच्या प्रोजेक्टसाठी 'स्टुडंट मॅनेजमेंट सिस्टीम' निवडली असेल तर खुशाल करा. फक्त सबमिट करायच्या आधी त्यात दोन विद्यार्थी भरा. एकाचं आडनाव 'ऱ'ने, दुसऱ्याचं न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. दोघांचाही तालुका रिकामा सोडा. मग सर्च करा आणि काय येतं ते बघा.