लेझीम पथकाचा ड्रेस : फोटो बघून नको, हालचाल बघून पॅटर्न निवडा



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून 26 जानेवारीची आणि स्नेहसंमेलनाची तयारी सुरू होते. गाणं ठरतं, मुलं ठरतात आणि मग प्रश्न येतो, ड्रेसचं काय करायचं? बहुतेक वेळा कोणीतरी मोबाइलवर एक फोटो दाखवतं, सगळ्यांना तो आवडतो आणि तो फोटो थेट शिंपीदादांकडे जातो.

मीही एकदा असंच केलं होतं. लेझीमच्या मुलींसाठी अंगाबरोबर बसणारा, पाठीला चेन असलेला सुंदर ब्लाउज निवडला. पथकात सातवीची एक मुलगी होती. लेझीम सगळ्यांत छान तिचीच, पण अंगाने जरा भरलेली. ड्रेस आल्यावर पहिल्याच सरावात तिचा हात खांद्याच्या वर जाईना. बगलेत कापड तटतटत होतं. ती हात अर्धाच उचलायची आणि सारखी ब्लाउज खाली ओढायची. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी म्हणाली, "बाई, माझं पोट दुखतंय." पोट दुखत नव्हतं हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

शिंपीदादांची चूक नव्हती. त्यांनी मापाप्रमाणेच शिवलं होतं. चुकला होता तो पॅटर्न, आणि तो मी निवडला होता. तेव्हापासून जे शिकले ते इथे सांगते.

पॅटर्न म्हणजे काय?

कापड कापण्याआधी कपड्याच्या प्रत्येक भागाचा जो कागदी साचा करतात, तो पॅटर्न. पुढचा भाग, मागचा भाग, बाही, गळपट्टी असे वेगवेगळे कागद असतात. ते कापडावर ठेवून खडूने आखायचं, शिवणीसाठी माया सोडायची आणि मग कात्री चालवायची. अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने 1863 मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली. त्यामुळे घरोघरी नेमक्या मापाचे कपडे शिवणं सोपं झालं. आपल्याकडे हा साचा बऱ्याचदा शिंपीदादांच्या डोक्यातच असतो. एका सदऱ्यासाठी ते चालतं. 24 सदरे एकसारखे हवे असतील तर मात्र साचा कागदावर उतरवलेला बरा.

आमची हुपरी चांदीच्या पैंजणांची. इथल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. साचा चुकला की सगळा माल चुकतो, हे ती घरीच बघतात.

आधी नाच बघा, मग ड्रेस ठरवा

लेझीममध्ये अंग काय काय करतं, ते एकदा कागदावर लिहून काढा. हात डोक्यावर जातात. कमरेतून वाकायचं असतं. उकिडवं बसून उठायचं असतं. एक पाय लांब टाकायचा असतो, उडी असते. यातल्या प्रत्येक हालचालीसाठी कपड्यात कुठेतरी जागा लागते.

- हात वर जायला बगलेत सैलपणा हवा. बगल खोल कापली की हात मोकळा होईल असं वाटतं, पण होतं उलटंच. तशी बाही हाताबरोबर सगळा सदरा वर ओढते. बगल बेताची ठेवून तिथे चौकोनी तुकडा जोडणं चांगलं.
- उकिडवं बसायला आसन खोल आणि सैल हवं. घट्ट पँट नेमकी तिथेच उसवते.
- पाय लांब टाकायचा तर सदऱ्याला दोन्ही बाजूंनी चीर हवी.
- तळपायापर्यंत येणारा घोळ पायात अडकतो. घोट्याच्या दोन इंच वर थांबा.

लेझीमची एक खास अडचण आहे. तिच्या साखळीत आणि चकत्यांमध्ये ओढणी, गोंडे, लोंबती लेस, सैल बाहीचं टोक हमखास अडकतं. म्हणून बाही मनगटावर आवळलेली किंवा कोपरापर्यंतच ठेवा. ओढणी घ्यायचीच असेल तर कमरेला शिवून टाका.

लांबून बघणाऱ्याला चेहरे दिसत नाहीत, रांगा दिसतात. 1982 साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनात सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरच्या 400 जणांनी लेझीम खेळली. एवढ्या गर्दीत बारीक भरतकाम कोणाला दिसणार? आपल्या मैदानावरही तेच. पांढऱ्या सदऱ्याला बाहीच्या टोकाशी चार बोटं रुंद लाल पट्टी लावा. 24 हात एकदम वर गेले की त्या पट्टीची एक रेघ दिसते. महागड्या लेसपेक्षा ही पट्टी जास्त काम करते.

आपल्या जुन्या कपड्यांकडे बघा

बाराबंदी, धोतर, नऊवारी, परकर. यातल्या एकाला तरी चेन आहे का? एकही कपडा असा नाही की दोन इंच अंग वाढलं म्हणून टाकून द्यावा लागेल. बाराबंदी बंदांनी बांधायची, परकर नाडीने आवळायचा, नऊवारी आणि धोतर तर शिवायचंच नाही. कष्टा घातला की पाय मोकळे. शेतात काम करणाऱ्या बायका नऊवारीत दिवसभर वाकत होत्या, ते त्यामुळेच.

आमच्या शेजारी पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची मोठी यात्रा भरते. भंडारा उधळतात, धनगरी ढोल घुमतात. धनगरांच्या गजीनृत्यातला पांढरा घोळदार झगा बघा. गिरकी घेतली की तो छत्रीसारखा फुलतो. छातीशी बेताचा आणि खाली भरपूर घेर, अशा कपड्यात हालचाल अडत नाही, उलट मोठी होऊन दिसते.

यावरून मी एक नियम केलाय. पथकासाठी पॅटर्न निवडताना बंद, नाडी आणि इलॅस्टिक आधी, चेन आणि हूक शेवटी. बांधायचा कपडा बारीक मुलालाही बसतो आणि भरलेल्या मुलालाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलालाही बसतो.

मापं घेताना

24 मुलांचे 24 वेगळे साचे नकोत आणि एकच फ्री साइजही नको. तीन साचे पुरतात. समजा पाचवी ते सातवीच्या मुलांची छाती 24 ते 34 इंच भरली. प्रत्येक गटातलं मोठं माप धरा आणि हालचालीसाठी 6 इंच वाढवा.

- पहिला साचा : छाती 24 ते 26, तयार सदरा 32 इंच
- दुसरा साचा : छाती 27 ते 29, तयार सदरा 35 इंच
- तिसरा साचा : छाती 30 ते 34, तयार सदरा 40 इंच

तिसऱ्या गटातल्या बारीक मुलांना सदरा सैल होईल, तो बाजूच्या बंदांनी आवळता येतो. सैल कपडा आवळता येतो, घट्ट कपडा वाढवता येत नाही.

आणि एक विनंती. मापं मोठ्याने वाचू नका. मुलींची मापं बाईंनीच वेगळ्या खोलीत घ्यावीत आणि चिठ्ठीवर लिहावीत. साच्यांना लहान, मध्यम, मोठा अशी नावं देऊ नका. आम्ही गळ्याच्या आत लाल, पिवळा आणि निळा धागा घालतो. "तू निळा धागा" म्हटलं की कोणी हसत नाही. गोष्ट छोटी आहे, पण त्या वयात ती छोटी नसते.

पन्ह्याचं गणित

कापडाची रुंदी म्हणजे पन्हा. बाजारात साधारण 36, 44 आणि 58 इंच पन्ह्याचं कापड मिळतं. आपल्याजवळ इचलकरंजीसारखं यंत्रमागाचं गाव असल्यामुळे सुती कापडाला फार लांब जावं लागत नाही. पण दुकानात आपण मीटरचा भाव विचारतो आणि पन्हा विचारायला विसरतो. इथेच पैसे जातात.

दुसरा साचा घेऊ. तयार सदरा 35 इंच, म्हणजे पुढचा भाग साडेसतरा आणि मागचा साडेसतरा. प्रत्येकाला शिवणीची माया 2 इंच, म्हणून एक भाग साडेएकोणीस. दोन्ही मिळून 39 इंच. सदऱ्याची लांबी मायेसकट 32 इंच आणि बाहीची 18 इंच धरू. दोन्ही बाह्या शेजारी शेजारी बसतात.

36 पन्ह्यात 39 इंच मावत नाहीत. मग पुढचा आणि मागचा भाग एकाखाली एक ठेवावे लागतात : 32 + 32 + 18 = 82 इंच, म्हणजे सुमारे 2 मीटर 8 सेंटिमीटर.

44 पन्ह्यात दोन्ही भाग शेजारी बसतात : 32 + 18 = 50 इंच, म्हणजे 1 मीटर 27 सेंटिमीटर.

एका सदऱ्यामागे 81 सेंटिमीटरचा फरक. 24 सदऱ्यांना 19 मीटरपेक्षा जास्त! 44 पन्ह्याचं कापड मीटरला थोडं महाग असलं तरी हिशेब करून बघा. बाह्यांच्या बाजूला उरलेल्या पट्टीतून बगलेचे तुकडे निघतात.

एक ड्रेस आधी शिवून बघा

सगळं कापड कापायच्या आधी स्वस्त मांजरपाटाचा एक नमुना शिवून घ्या. तो तिसऱ्या साच्याचा असू दे आणि पथकातल्या सगळ्यांत भरलेल्या मुलाला घालायला द्या. त्याला एकट्याला पुढे उभं करायचं नाही. दोघा-तिघांना आळीपाळीने घालायला द्या, म्हणजे कोणाला वाटायला नको. मग लेझीम हातात देऊन पूर्ण गाणं खेळू द्या. पोट उघडं पडतं का, बगल ओढते का, बसताना आसन ताणतं का, साखळी अडकते का, एवढं बघा. आरशासमोर उभं राहून यातलं काहीच कळत नाही.

सुती कापड कापण्याआधी पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. ओला पांढरा रुमाल रंगीत पट्टीवर घासा. रुमालाला रंग लागला तर घामानेही तो सदऱ्याला लागणार.

आईच्या साडीचा प्रश्न

मुलींना नऊवारी हवी म्हटलं की निरोप जातो, "घरची साडी शिवून आणा." नऊवारी म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. एकदा कापून शिवली की ती पुन्हा साडी होत नाही. एका आईने मला दबक्या आवाजात विचारलं होतं, "बाई, कापलीच पाहिजे का हो?" ती एकच चांगली साडी होती घरात. त्यानंतर आम्ही साडी कापायला सांगत नाही. इलॅस्टिकच्या चोळण्यावर नेसवून निऱ्यांना आणि कष्ट्याला हाताने लांब टाके घालतो. कार्यक्रम झाला की टाके उसवायचे, साडी जशीच्या तशी घरी.

वर्गात करून बघा

1. जोडीदाराच्या हाताची लांबी इंचात मोजा आणि सेंटिमीटरमध्ये लिहा (1 इंच = 2.54 सेंमी).
2. वर्गाच्या मापांचा नावाशिवाय तक्ता करा आणि तीन गट पाडा.
3. वर्तमानपत्राचा सदरा बेता. 36 आणि 44 इंचांच्या चौकटी फरशीवर खडूने आखून त्यात साचे बसवून बघा.
4. मोठ्या वर्गासाठी : गोल घेराच्या घागऱ्यात कमरेचं भोक किती त्रिज्येचं? कंबर 24 इंच असेल तर 24 ÷ 6.28, म्हणजे जवळजवळ 3.8 इंच. वर्तुळाचा परीघ मुलं पुन्हा विसरणार नाहीत.

ड्रेस कसा दिसतो हे प्रेक्षक ठरवतील. पण तो घालून हात पूर्ण वर जातो का, हे आपण आधीच बघायला हवं. ती मुलगी आता मोठी झाली असेल. या वर्षी पथक उभं राहील तेव्हा एकाही मुलाचं त्या दिवशी सकाळी पोट दुखू नये, एवढंच.