टिप माशाची नव्हे, मेहनतीची

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर भाड्याच्या बोटीतून मासेमारीला जाणाऱ्याने पूर्ण भाडे चुकते केले, तरी हिशेब संपत नाही. भाडे जाते बोटमालकाकडे. गळाला आमिष लावणाऱ्या, मासे साफ करून देणाऱ्या खलाशाची भिस्त मुख्यतः ‘टिप’वर असते. नवख्याला हा भुर्दंड वाटेल. परंतु भाड्याच्या १५ ते २० टक्के रक्कम धक्क्यावर उतरल्यावर रोख देण्याचा तेथे प्रघात आहे. मासा मिळाला नाही म्हणून हात आखडता घेणे शिष्टसंमत नाही. अशा दिवशी खलाशाचे कष्ट बहुधा वाढलेलेच असतात. मोंटानातील एल्क हरणांच्या शिकारीत शुल्कच हजारो डॉलरचे असल्याने वाटाड्याला साधारणतः १० ते १५ टक्के देतात. तळावरील स्वयंपाक्याचे पैसे मात्र वेगळे काढावे लागतात.