घाटघरचा पाऊस, अकोल्याचं ऊन

पावसाळा लागला की अहिल्यानगर जिल्ह्यातली वर्तमानपत्रं एक छोटी यादी छापू लागतात. घाटघर, रतनवाडी, पांजरे, वाकी, भंडारदरा, आणि प्रत्येक नावापुढे चोवीस तासांत पडलेला पाऊस. सगळी गावं एकाच अकोले तालुक्यातली. जुलैत एखाद्या दिवशी घाटघरपुढे दोनशे मिलिमीटरच्या वरचा आकडा असतो, आणि त्याच दिवशी अकोल्याच्या पेठेत माणसं मिटलेली छत्री काखेत धरून पश्चिमेच्या काळ्या आभाळाकडे बघत उभी असतात. घाटघरला एका हंगामात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. अकोल्याच्या पूर्वेकडच्या गावांना पाचशे-सहाशे मिळाले तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. या दोन टोकांत अंतर किती? सरळ रेषेत मोजलं तर चाळीसएक किलोमीटर!

सहलीचा बेत आखताना आपण नकाशा पुढे घेतो आणि कुठे जायचं ते ठरवतो. कधी जायचं हे मात्र शाळेच्या सुट्ट्या आणि कचेरीतली रजा ठरवते. भारतासारख्या देशात हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. आधी तारीख बघावी, मग तिला शोभणारी जागा. हे समजून घ्यायला काश्मीर-केरळ फिरायची गरज नाही, एक अकोले तालुका पुरतो.

आधी तो आकड्यांचा चमत्कार. अरबी समुद्रावरून आलेले ओले वारे शहापूरच्या सपाटीवरून येतात आणि एकदम सह्याद्रीच्या कड्याला भिडतात. पुढे वाट नाही, म्हणून वर चढतात. हवा वर चढली की पसरते, पसरली की गार होते. बाष्पाने भरलेल्या हवेचं तापमान किलोमीटरभर उंचीला पाच-सहा अंशांनी उतरतं. गार हवेला तेवढं बाष्प पेलवत नाही, ती ते तिथेच टाकून मोकळी होते. या रांगेत १६४६ मीटरचं कळसूबाई आहे, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. शेजारी अलंग, मदन, कुलंग, रतनगड आणि दक्षिणेला हरिश्चंद्रगड. एवढी माथ्यांची रांग ओलांडून हवा पूर्वेला उतरते तेव्हा ती पुन्हा तापते आणि ढग विरू लागतात. म्हणून पश्चिमेला इरली पांघरून भाताची आवणी चाललेली असते, तेव्हा पूर्वेचा शेतकरी बाजरीला एक पाऊस मिळावा म्हणून वाट बघत असतो.

हेच गणित मोठं करून बघा. हिमालयाच्या पाठीमागे असलेल्या लेहला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, घाटघरचा एका रात्रीचा. म्हणून आपल्याकडे आभाळ फाटलेलं असताना लडाखचे रस्ते मोकळे असतात. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांचा. दिवाळीच्या सुट्टीत तमिळनाडूचा किनारा गाठणारं मराठी कुटुंब तिथे छत्री उघडतं आणि नशिबाला बोल लावतं. नशिबाचा इथे काही संबंध नाही, डोंगर कुठल्या बाजूला आहे आणि वारा कुठून येतोय एवढाच प्रश्न असतो.

आता अकोल्यातलं वर्ष बघू. ते सुरू होतं रोहिणी नक्षत्राला, म्हणजे २५ मेच्या सुमारास. वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या, हवा दमट झाली की भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, साम्रद, पुरुषवाडी या पट्ट्यात काजवे निघतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं अंधारात लुकलुकू लागतात. एका झाडावरचे शेकडो नर काही वेळातच एका तालावर पेटतात आणि एका तालावर विझतात. तालाला कोणी म्होरक्या नसतो. प्रत्येक काजव्याच्या अंगात लुकलुकण्याचं स्वतःचं घड्याळ असतं, शेजारचा चमकला की तो आपलं घड्याळ किंचित मागेपुढे करतो. सगळ्यांनी असं केलं की अख्खं झाड एक होतं. त्यांच्या पोटातल्या रसायनाचा प्राणवायूशी संयोग होऊन हा प्रकाश निघतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसते.

मला यातली सगळ्यात मोठी गंमत वाटते ती वेळेची. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात पाचोळ्याखाली, गोगलगायी खात जातं. पंख फुटल्यावर जोडीदार शोधायला हाती राहतात ते फार तर दोन-तीन आठवडे. मृगाच्या पावसाने जोर धरला की खेळ संपला. त्यामुळे जूनच्या अखेरीस रजा काढून आलेल्या माणसाला त्याच झाडाखाली फक्त चिखल सापडतो. अमेरिकेच्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात असे एकतालात चमकणारे काजवे आहेत. तिथे बघायला जाणाऱ्यांची सोडत काढतात आणि ठरावीक गाड्याच आत सोडतात. आपल्याकडे वन विभाग निर्बंध घालतो, तरी शनिवारी रात्री शेंडी-घाटघर रस्त्यावर गाड्यांची रांग लागतेच. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर दिवा झाडावर पडला की झाडाचा ताल तुटतो. मादीला नराची खूण दिसेनाशी होते. बघायला आलेल्या माणसांमुळेच पुढच्या वर्षीचे काजवे कमी व्हावेत, यासारखी खुळी गोष्ट नाही.

जुलै-ऑगस्ट हा पाण्याचा काळ. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा इतका जोरात वर येतो की कड्यावरून उडी घेणारं पाणी परत माथ्यावर फेकलं जातं. पण त्याच दिवसांत साम्रदच्या सांदण दरीत पाय ठेवू नये. काही ठिकाणी दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत इतकी अरुंद ती घळ आहे, आणि डोंगरावरचं पाणी कोकणात उतरायला नेमकी तीच वाट धरतं. हिवाळ्यात तिथे दुपारीसुद्धा थंडी वाजते. सांदण बघायची ती तेव्हा.

भंडारदऱ्याला फोन करणारे पर्यटक एक प्रश्न हमखास विचारतात: "काका, धबधबा चालू आहे का?" शहरातल्या माणसाला हा प्रश्न विनोदी वाटेल, धबधबा काय नळ आहे? पण भंडारदऱ्यात एक धबधबा खरोखरच चालू आणि बंद होतो. प्रवरा नदी रतनगडावर उगम पावते आणि थोडं खाली येताच तिला विल्सन धरण अडवतं. १९१० ते १९२६ या काळात ते दगडी बांधकामात उभं राहिलं, आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. उंची ८२ मीटर, साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट. धरण पंधरा ऑगस्टच्या आत भरणार का, यावर दरवर्षी खाली राहुरी-श्रीरामपूरपर्यंत चर्चा रंगते. धरणाच्या भिंतीतल्या एका मोरीतून पाणी सोडलं की ते खालच्या गोल खडकावर आपटून छत्रीसारखं पसरतं. हाच अम्ब्रेला फॉल.

तो कधी दिसणार हे आभाळ ठरवत नाही. ठरतं ते खालच्या उसाला आणि गव्हाला कधी तहान लागली यावर. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, शेतीसाठी आवर्तन जाहीर होतं, आणि त्यासाठी ती मोरी उघडली तर भर उन्हाळ्यात, आजूबाजूचे डोंगर करपलेले असताना, पांढरीशुभ्र छत्री उघडते. पावसाळ्यात सगळे ओढे-नाले उधाणलेले असताना ही छत्री मिटलेलीही असू शकते, कारण धरण भरायचं बाकी असतं. निसर्गाचं वेळापत्रक सगळे विचारतात, पाटबंधारे खात्याचं कोणी विचारत नाही. थोडं खाली असलेल्या रंधा धबधब्याचंही पावसाळ्याबाहेर बरंचसं असंच आहे.

पाऊस कधी संपला म्हणायचं? इथे अकोल्याचं उत्तर फार जुनं आहे. गावाशेजारी प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे, महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. विंध्याला वाकायला लावून दक्षिणेत उतरलेले हे ऋषी आकाशातही दक्षिणेलाच आहेत: अगस्तीचा तारा, व्याधानंतरचा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी. मे महिन्यात तो संध्याकाळच्या उजेडात दिसेनासा होतो. पंचांगात त्याला अगस्तीचा लोप म्हणतात. श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास तो पहाटे पुन्हा उगवतो, आणि अगस्ती दिसला की नद्यांचं पाणी निवळतं, अशी जुन्या लोकांची श्रद्धा. ताऱ्याने पाणी निवळत नाही हे खरं. पण पावसाचा जोर ओसरून गाळ खाली बसण्याचे दिवस नेमके तेच असतात. म्हणजे अगस्ती दिसत नाही तो काळ काजव्यांचा आणि पुराचा, आणि तो दिसू लागला की डोंगराच्या वाटा हळूहळू खुल्या होतात. आणखी एक गोष्ट. दिल्लीत हा तारा क्षितिजावर जेमतेम आठ-नऊ अंश चढतो, धुरक्यात सापडतही नाही. अकोल्यात सतरा-अठरा अंश चढतो. महाशिवरात्रीच्या दिवसांत, रात्रीच्या पहिल्या प्रहरी तो ठीक दक्षिणेला, आपल्या सर्वोच्च जागी असतो. यात्रेच्या गर्दीत किती जण मान वर करून बघतात कोण जाणे.

सप्टेंबरात डोंगर सोनकीने पिवळे आणि तेरड्याने गुलाबी होतात, ते दरवर्षीचंच. कारवीचं तसं नाही. ही झुडपं सात-आठ वर्षं नुसती पानं मिरवतात, मग एका वर्षी अख्खा उतार एकदम जांभळा होतो, आणि बी धरून सगळी झुडपं एकदम मरतात. इतकं बी एकाच वेळी पडलं की कीटक-पक्ष्यांनी कितीही खाल्लं तरी ते संपत नाही, उरलेलं रुजतं. याच कारवीच्या काठ्यांनी इथल्या कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या. सगळ्या डोंगरांवर ती एकाच वर्षी फुलत नाही, त्यामुळे तिचं साल गावातल्याच माणसाला विचारावं. केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांवरची तिची बहीण नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. मुन्नारला ती २०१८ मध्ये फुलली, आता २०३०. तिथलं तिकीट काढायला अजून वेळ आहे.

नवरात्रात कळसूबाईच्या शिखरावर आईची यात्रा असते. पायथ्याच्या बारी गावातून वर जाणारी लोखंडी शिड्यांची वाट तेव्हा पहाटेपासून गजबजते. एकांत हवा असेल त्याने हे नऊ दिवस टाळावेत, डोंगर हा देव आहे हे बघायचं असेल त्याने हेच निवडावेत.

आणि सर्वांत दुर्मीळ ते इंद्रवज्र. कर्नल विल्यम साइक्स याने दख्खनच्या हवामानावर लिहिलेला निबंध १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. त्यात हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून धुक्यात पाहिलेल्या पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद आहे. आज त्याला इंद्रवज्र म्हणतात. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र जमाव्या लागतात. सूर्य खाली आणि पाठीमागे हवा. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने ही वेळ सकाळची. कोकणातलं धुकं कड्याच्या पायथ्यापासून वर यायला हवं, पण माथ्यापर्यंत चढता कामा नये. आणि माथ्यावर ऊन हवं. मग आपली सावली खालच्या ढगावर पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत कडं उमटतं. शेजाऱ्याला ते त्याच्या डोक्याभोवती दिसतं, तुमचं कडं त्याला दिसत नाही. ढगातले थेंब प्रकाश आला त्याच दिशेला परत फेकतात, म्हणून बघणाऱ्याच्या डोळ्याची सावली पडते ती जागाच त्या वर्तुळाचा मध्य असते. याची तारीख कोणी देऊ शकत नाही. पावसाळा सरता-सरता गडावर मुक्काम करावा, सकाळी लवकर कड्यावर जावं आणि वाट बघावी. दिसलं नाही तरी सकाळ वाया जात नाही.

तेव्हा यंदा बेत आखताना हॉटेलच्या आधी गावात एक फोन करा. काजवे निघाले का, आवर्तन कधी सुटणार, सांदणात पाणी आहे का, एवढं विचारा. आणि काजव्यांसाठीच जाणार असाल तर रोहिणी लागल्यावर जा, शनिवार-रविवार सोडून मधला वार धरा, अमावास्येच्या आसपासची रात्र असेल तर फारच उत्तम. झाडापाशी पोहोचायच्या आधीच गाडी लांब उभी करा, दिवे बंद करा आणि पुढे पायी जा.