बोर्गच्या मौनामागचा संताप

ज्या सामन्याचा निकाल प्रेक्षकांना आधीच ठाऊक आहे, त्यावर चित्रपट काढताना उत्कंठा निकालाबाहेर शोधावी लागते, आणि यानुस मेट्झ या डॅनिश दिग्दर्शकाने ‘बोर्ग विरुद्ध मॅकेन्रो’ (२०१७) या चित्रपटात ती स्वीडनच्या ब्यॉर्न बोर्गच्या स्वभावात शोधली आहे. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर ५ जुलै १९८० रोजी झालेला पुरुष एकेरीचा अंतिम सामना हा कथेचा केंद्रबिंदू असला, तरी तो प्रत्यक्ष दिसतो शेवटच्या टप्प्यात. तोवर पाचव्या सलग विजेतेपदाच्या ओझ्याखाली आतून खचत चाललेला २४ वर्षांचा खेळाडू पडद्यावर वावरत असतो.

त्या काळच्या वृत्तपत्रांनी बोर्गला बर्फ आणि पंचांशी हुज्जत घालणाऱ्या २१ वर्षांच्या जॉन मॅकेन्रोला आग ठरवून टाकले होते. चित्रपट ही सोयीची विभागणीच नाकारतो. सॉडरटेल्ये या गावात वाढणारा लहानगा बोर्ग त्यात इतका तापट दाखवला आहे की, त्याला काही काळ खेळण्यास बंदी केली जाते. पुढे प्रशिक्षक लेनार्ट बर्गेलिन (स्टेलान स्कार्सगार्ड) त्याला सारा संताप गिळून तो पुढच्या प्रत्येक फटक्यात उतरवायला शिकवतो, आणि जगाला दिसलेली शांतता अशी घडवलेली ठरते. ही लहानपणाची भूमिका बोर्गचा मुलगा लिओ याने केली आहे, हा योगायोग नव्हे. प्रौढ बोर्ग साकारणाऱ्या स्वेरिर गुडनासनचा निर्विकार चेहरा त्या मुलाच्या आदळआपटीमुळेच अर्थपूर्ण होतो. बोर्ग आपल्या लाकडी रॅकेटच्या तारा इतरांपेक्षा कितीतरी अधिक ताणून घेत असे. सामन्याआधी रॅकेट जमिनीवर मांडून त्यांचा ताण पारखण्याचा प्रसंग चित्रपटात आहे, आणि कोणत्याही संवादापेक्षा तो या माणसाविषयी अधिक सांगतो.

मॅकेन्रोच्या वाट्याला मात्र फारच थोडे येते. वडिलांच्या पाहुण्यांसमोर तोंडी हिशेब करून दाखवणाऱ्या मुलाच्या एखाद्या प्रसंगावर त्याचे बालपण आटोपते, आणि शाया लबफने भूमिकेत जीव ओतूनही १९७९ चा हा अमेरिकन ओपन विजेता बोर्गच्या आरशासारखा उरतो. दोघांच्या खेळातील फरकही, म्हणजे बेसलाइनवरून चेंडूला जबरदस्त फिरकी देणारा बोर्ग आणि सर्व्हिस करताच जाळ्याकडे धाव घेऊन चेंडू टप्पा पडण्याआधीच मारणारा डावखुरा मॅकेन्रो, झटपट बदलणाऱ्या दृश्यांत पुसट होतो.

सामन्याची खरी रंगत चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये होती. दोघांचे ६–६ गेम झाल्यावर सेटचा निर्णय लावणाऱ्या या लढतीत प्रथम किमान ७ गुण मिळवून २ गुणांची आघाडी घेणारा जिंकतो. परंतु येथे ती आघाडी कोणालाच मिळेना, आणि मॅकेन्रोने ५ मॅच पॉइंट, म्हणजे बोर्गला एका गुणात सामना जिंकून देणाऱ्या ५ संधी, परतवून टायब्रेक १८–१६ असा घेतला. त्याच सेटमध्ये तत्पूर्वी असे २ पॉइंट त्याने वाचवले होतेच. निर्णायक सेटला तेव्हा विम्बल्डनमध्ये टायब्रेक नसे. बोर्गने तो ८–६ असा जिंकला. एवढा घाव सोसून तो त्या सेटमध्ये ज्या स्थिरतेने सर्व्हिस करत राहिला, तिच्यासमोर चित्रपटातील पार्श्वसंगीताचा गजर अनावश्यकच वाटतो.

कथा याच वर्षी थांबते, ही तिची मोठी उणीव होय. १९८१ मध्ये मॅकेन्रोने विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन या दोन्ही अंतिम सामन्यांत बोर्गला हरवले. न्यूयॉर्कमधील पराभवानंतर बोर्ग बक्षीस समारंभालाही न थांबता निघून गेला, आणि १९८३ च्या जानेवारीत वयाच्या २६ व्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा परस्परांतील १४ सामन्यांचा हिशेब ७–७ असा बरोबरीत होता. दाबून ठेवलेल्या संतापाची किंमत काय, हा चित्रपटानेच उभा केलेला प्रश्न या घटनांत जितका उघड दिसतो, तितका शेवटी दाखवलेल्या विमानतळावरील गळाभेटीत दिसत नाही.