रक्तदाबाची गोळी, मूत्रपिंडासाठी

मुलाचा रक्तदाब वाढलेला नसतानाही डॉक्टर रक्तदाबाची गोळी देतात, तेव्हा पालक साशंक होतात. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये एनालाप्रिल वा रॅमिप्रिल मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांवरचा दाब उतरवते. लघवीवाटे होणारी प्रथिनांची गळती त्यामुळे घटते. मूत्रपिंडाचा जुनाट विकार असलेल्या ३८५ मुलांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात रॅमिप्रिलसोबत रक्तदाब अधिक खाली राखल्यास मूत्रपिंडाची झीज मंदावल्याचे आढळले.

अहिल्यानगरच्या कडक उन्हाळ्यात मात्र सावध राहावे. जुलाब-उलट्यांनी अंगातील पाणी आटले असता हीच गोळी मूत्रपिंडाला इजा करू शकते. ती तात्पुरती थांबवावी काय, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. या औषधाने रक्तातील पोटॅशियम वाढू शकते, आणि आजारी लेकराला मायेने पाजलेल्या शहाळ्यातही ते भरपूर असते.