जुन्या एकसंध संगणकाला डी. व्ही. डी. बर्नर जोडताना

संगणकाचा पडदा, मेंदू, हार्ड डिस्क आणि तबकडी वाचणारे यंत्र ही सर्व अंगे एकाच पेटीत बसविलेली असली की त्यास एकसंध संगणक म्हणता येईल. अशी पेटी टेबलावर जागा कमी व्यापते, वायरींचा गुंता नसतो आणि शाळेच्या खोलीत ती सोयीची पडते. मात्र तिच्यातील एखादा भाग बदलावयाचा म्हटला की हीच सोय गैरसोय होऊन बसते. प्रस्तुत लेखात ॲपल कंपनीच्या 'ई-मॅक' या संगणकाचे उदाहरण घेऊन, त्यास डी. व्ही. डी. लिहिणारे यंत्र, म्हणजेच बर्नर, जोडताना काय पाहावे हे समजून घेऊ.

आज या जुन्या यंत्राचा विचार कशासाठी करावयाचा, असा प्रश्न विद्यार्थी मित्र विचारतील. त्याचे उत्तर कपाटात पडून राहिलेल्या कॅसेटींमध्ये आहे. १९९५ नंतर डी. व्ही. पद्धतीचे छोटे कॅमेरे बाजारात आले. त्यांच्या फितींवर अनेक घरांतील लग्ने, संस्थांचे समारंभ आणि आज हयात नसलेल्या वडीलधाऱ्यांचे आवाज आहेत. फीत कायम टिकत नाही, आणि ती वाचणारे कॅमेरेही एकेक करून बंद पडत आहेत. हे कॅमेरे ज्या 'फायरवायर' वायरीने संगणकाला जोडले जात, तिची खाच आजच्या नव्या संगणकांत मिळत नाही. ई-मॅकला अशा दोन खाचा आहेत. म्हणून हे यंत्र कोणाकडे चालू स्थितीत असेल तर ते भंगारात टाकण्यापूर्वी विचार करावा.

यंत्राची ओळख

ई-मॅक एप्रिल २००२ मध्ये प्रथम शिक्षणसंस्थांसाठी आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सर्वांसाठी विक्रीस आला. २००६ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. त्याचा १७ इंची पडदा जुन्या दूरदर्शन संचाप्रमाणे काचेच्या पिक्चर ट्यूबचा असून संपूर्ण यंत्राचे वजन सुमारे २३ किलो आहे. पहिल्या ७०० मेगाहर्ट्झच्या यंत्रांत डी. व्ही. डी. लिहिण्याची सोय नव्हती. काहींत केवळ सी. डी. वाचता येई, तर काहींत डी. व्ही. डी. वाचता व सी. डी. लिहिता येई. २००२ च्या उत्तरार्धात आलेल्या महागड्या प्रकारात डी. व्ही. डी. लिहिणारे यंत्र कारखान्यातूनच बसवून मिळू लागले.

सी. डी. आणि डी. व्ही. डी. यांतील फरक

दोन्ही तबकड्यांचा व्यास १२ सेंटिमीटरच आहे. परंतु सी. डी. मध्ये ७०० मेगाबाईट मजकूर मावतो, तर एकपदरी डी. व्ही. डी. मध्ये ४.७ गिगाबाईट. याचे कारण असे की, सी. डी. वरील दोन ओळींमध्ये १.६ मायक्रॉन अंतर असते, डी. व्ही. डी. वर ते केवळ ०.७४ मायक्रॉन असते. इतक्या बारीक ओळी वाचण्यासाठी प्रकाशाचा किरणही बारीक लागतो. सी. डी. साठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर वापरतात, डी. व्ही. डी. साठी ६५० नॅनोमीटरचा तांबडा. म्हणूनच सी. डी. च्या यंत्राला नवा प्रोग्रॅम घालून डी. व्ही. डी. लिहिता येत नाही. यंत्रच बदलावे लागते.

कोऱ्या तबकडीत एका सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. लेझरच्या उष्णतेने त्या थरावर ठिपके उमटतात आणि ते पुन्हा पुसता येत नाहीत. ज्यावर पुनःपुन्हा लिहिता येते त्या तबकडीत रंगाऐवजी मिश्रधातूचा थर असतो.

आत बसवावे की बाहेर जोडावे?

ई-मॅकच्या आत बसणारे यंत्र साध्या संगणकांत वापरतात त्याच साडेपाच इंची मापाचे आहे. त्यामुळे बाजारात मिळणारे आय. डी. ई. प्रकारचे बर्नर आत बसू शकते. त्यासाठी नव्या यंत्राच्या तबकाची पुढची प्लॅस्टिकची पट्टी काढावी लागते, आणि मागील बाजूची जंपरची छोटी टोपी जुन्या यंत्रावर ज्या जागी होती त्याच जागी लावावी लागते.

हे वाचून कोणी लगेच पेचकस हाती घेऊ नये. स्मृती वाढविण्यासाठी यंत्राच्या तळाशी वेगळे झाकण आहे, तेथे हात घालण्यास हरकत नाही. परंतु तबकडीचे यंत्र काढण्यासाठी संपूर्ण पाठ उघडावी लागते, आणि आत पिक्चर ट्यूब आहे. रंगीत ट्यूबला सुमारे २५,००० व्होल्टचा दाब दिला जातो. प्लग काढून ठेवला तरी काही विद्युतभार तिच्यात शिल्लक राहू शकतो. तो धक्का जीवघेणा ठरू शकतो. तसेच धक्क्याने हात झटकला जाऊन ट्यूबची काच फुटण्याचाही धोका असतो. विद्युतभार उतरविण्याचे काम टी. व्ही. दुरुस्तीच्या जाणकार कारागिराचे आहे. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी मुळीच करू नये.

बाहेरून जोडण्याचे बर्नर हा त्यापेक्षा सुरक्षित मार्ग आहे. येथे कोणत्या खाचेत जोडावे हा प्रश्न येतो, आणि तो साध्या अंकगणिताने सुटतो. डी. व्ही. डी. एकपट वेगाने लिहिताना दर सेकंदास सुमारे १.३८ मेगाबाईट मजकूर पुरवावा लागतो. एप्रिल २००४ पूर्वीच्या ई-मॅकमधील यू. एस. बी. ची खाच जुन्या पद्धतीची, सेकंदास १२ मेगाबिटची आहे. ८ बिट म्हणजे एक बाईट, म्हणून ही गती कागदावर १.५ मेगाबाईट होते. प्रत्यक्षात ती एक मेगाबाईटच्या आसपास मिळते. म्हणजे एकपट वेगासही ती अपुरी पडते. फायरवायरची गती मात्र ४०० मेगाबिट, म्हणजे ५० मेगाबाईट आहे. चौपट वेगाने लिहिण्यास सुमारे साडेपाच मेगाबाईट पुरतात आणि पूर्ण तबकडी साधारण १५ मिनिटांत तयार होते. तेव्हा जुने यंत्र असेल तर फायरवायरचेच बर्नर घ्यावे. त्याला स्वतंत्र वीजपुरवठा आहे ना, हेही पाहून घ्यावे.

प्रोग्रॅमचा प्रश्न

बर्नर जोडले म्हणजे काम संपले असे नाही. चित्रपटाची तबकडी बनविणारा ॲपलचा 'आयडीव्हीडी' हा प्रोग्रॅम सुरुवातीस कंपनीने कारखान्यात बसविलेल्या बर्नरलाच ओळखत असे. इतर कंपन्यांच्या बर्नरवर थेट लिहिण्याची सोय त्याच्या २००६ च्या आवृत्तीत झाली. त्याआधीची आवृत्ती असल्यास 'टोस्ट' यासारखा वेगळा प्रोग्रॅम लागतो. खरेदीपूर्वी ही चौकशी न केल्यास पैसे वाया जातात.

हार्ड डिस्कवरील जागाही पाहावी. एका तासाची डी. व्ही. फीत संगणकात उतरविली की सुमारे १३ गिगाबाईट जागा व्यापते. पहिल्या ई-मॅकची हार्ड डिस्क ४० गिगाबाईटची होती. म्हणून एका वेळी एकच फीत घ्यावी. ती प्रथम डिस्कवर पूर्ण उतरवावी, आणि त्यानंतरच तबकडी लिहिण्यास घ्यावी. या यंत्राचे जुने प्रोग्रॅम आजच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने कालबाह्य झाल्याने ते इंटरनेटला न जोडणेच बरे.

तबकडी जपावी कशी?

तबकडीवर कागदी लेबल चिकटवू नये. तिचा तोल बिघडतो. नाव लिहिण्यासाठी तबकडीकरिता मिळणारे मऊ टोकाचे पेन वापरावे. रंगाच्या थराला ऊन, उष्णता आणि दमटपणा यांचा त्रास होतो, म्हणून तबकडी डबीत, उभी आणि अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवावी. लिहून झाल्यावर ती दुसऱ्या यंत्रात लावून सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावी. मूळ फीत लगेच टाकून देऊ नये.

शिवाय तबकडीवरच विसंबून राहू नये. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तबकडी वाचण्याची सोयच नसते. म्हणून तोच मजकूर एखाद्या बाहेरील हार्ड डिस्कवरही ठेवावा आणि ती डिस्क दुसऱ्या घरी असावी. एक प्रत गेली तरी दुसरी राहील.

हे काम खर्चाचे कमी आणि चिकाटीचे जास्त आहे. ज्या सभासदांकडे जुन्या फिती आहेत त्यांनी त्यांची यादी करून, सर्वांत जुनी फीत आधी घ्यावी. संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी या कामी वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसावे. फितीतील माणसे कोण, ठिकाण कोणते आणि साल कोणते, हे त्यांच्याकडून विचारून तबकडीच्या डबीवर लिहून ठेवावे. ती माहिती कोणत्याही यंत्राला सांगता येणार नाही.